एबीजीवर एकही बाण नाही, मग पेशंट आयसीयूत का?

कळव्याच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या आरएमओ (निवासी) डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ५८ वर्षांच्या मधुमेही बाई. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास, दिवसभरात एखादं फळ आणि चहा. शेवटचे चार दिवस सतत उलट्या, पोटात दुखणं, पार गळून गेलेल्या. शुगर १८६. एबीजीची (धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीची) स्लिप आली ती अशी: पीएच ७.४०, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३८, बायकार्ब (आम्ल शमवणारं बायकार्बोनेट) २३, सोडियम १३८, पोटॅशियम ३.१, क्लोराइड ८४. गॅसेसच्या रकान्यात कुठेच बाण, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर असल्याची खूण, नाही. "एबीजी नॉर्मल आहे, पित्त झालंय" असं नातेवाइकांना सांगून पॅन्टोप्राझोल आणि सलाईन सुरू केलं. सकाळी फिजिशियन आले, त्यांनी स्लिप बघताच बाईंना आयसीयूत हलवलं. चुकलं कुठे, नातेवाइकांना काय सांगायला हवं होतं, एबीजी वाचायची खात्रीची पद्धत कोणती, आणि मोबाइलवरचं अॅप वापरलं तर चालतं का?

डॉक्टर, स्लिप तुमच्याकडे पूर्ण होती. फक्त क्लोराइड ८४ हा आकडा तुम्ही इलेक्ट्रोलाइट्सच्या खात्यात टाकलात, गॅसच्या खात्यात नाही.

सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करा. १३८ वजा ८४ वजा २३, म्हणजे ३१. हा अॅनायन गॅप. साधारण १२ च्या आत हवा. (काही मशीन पोटॅशियमही धरतात, त्यामुळे त्यांचा छापील गॅप ४ ने जास्त दिसतो. आपल्या मशीनचं सूत्र कुठलं ते एकदा टेक्निशियनला विचारून ठेवा.) ३१ गॅपचा अर्थ बाईंच्या रक्तात भरपूर आम्ल साठलं आहे, दुसरा अर्थच निघत नाही. मग बायकार्ब २३ कसं? गॅप १९ ने वाढलाय, म्हणजे जवळजवळ तेवढंच बायकार्ब खर्ची पडलं असणार. २३ मध्ये १९ मिळवा, ४२ होतात. आम्ल साठलं नसतं तर या बाईंचं बायकार्ब ४२ दिसलं असतं. ते ४२ आलं चार दिवसांच्या उलट्यांमुळे: पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर गेलं, क्लोराइड ८४ वर घसरलं, पोटॅशियम उतरलं, बायकार्ब चढलं. एकीकडे कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा बनणारी आम्लं) खाली ओढतायत, दुसरीकडे उलट्या वर ओढतायत. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारखे तगडे असले की दोर जागचा हलत नाही, म्हणून कुणी ओढत नाहीये असं थोडंच असतं?

पीएच नॉर्मल असल्यामुळेच त्यांना कुसमौलचा तो, रक्तात आम्ल वाढलं की लागणारा खोल, भरभर श्वासही नव्हता. तुम्ही तो शोधला असेल आणि नाही म्हणून निश्चिंत झाला असाल. पण श्वासाचं केंद्र पीएचकडे बघतं, कीटोनकडे नाही.

आता शुगर १८६ असताना कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोनमुळे रक्तात आम्ल साठणं? औषधांची पिशवी मागवली असतीत तर त्यात बहुधा डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सापडलं असतं. ही ग्लिफ्लोझिन मंडळी साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे शुगर २०० च्या आत राहते आणि आत कीटोन बनत राहतात. उपास, उलट्या, ऑपरेशन, यांपैकी काहीही त्याला निमित्त पुरतं. नातेवाइकांना गोळीचं नाव आठवत नसेल तर साधी लघवीची पट्टी लावा. रक्तात शुगर १८६ आणि लघवीत शुगर चार प्लस, हे कोडं ग्लिफ्लोझिनशिवाय सहसा सुटत नाही. ठाण्यात सध्या कुठल्याही मधुमेहतज्ज्ञाची चिठ्ठी बघा, दर दोन-तीन चिठ्ठ्यांआड हे औषध असतं. औषध उत्तम आहे, हृदय आणि किडनी दोन्ही सांभाळतं. पण उपास धरणाऱ्या पेशंटला ते त्या दिवसांत थांबवायचं असतं, हे सांगायचं राहून जातं. नवरात्र, चातुर्मास, रमजान, तिन्हींच्या वेळी मला असा एखादा पेशंट दिसतोच.

उपचाराचं एवढंच सांगतो, कारण गडबड तिथेच होते. पोटॅशियम ३.१ असताना इन्सुलिन सुरू केलंत तर ते आणखी खाली जाईल आणि हृदयाची लय बिघडेल. आधी पोटॅशियम ३.५ च्या वर आणा, मग इन्सुलिन, आणि शुगर आधीच कमी असल्यामुळे इन्सुलिनबरोबर पहिल्यापासूनच डेक्स्ट्रोज. सोडाबायकार्बला हात लावायचं कारण नाही. पीएच ७ च्या वर असलेल्या कीटोअॅसिडोसिसमध्ये त्याचा उपयोग नाही, आणि इथे तर पोटॅशियम आणखी ढासळेल.

आता तुमचा मोठा प्रश्न, वाचायची पद्धत. पुस्तकात पाच पायऱ्या, सात पायऱ्या अशा असतात, त्या पाठ असतीलच. मी त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न ठेवतो: आकडा छापील मर्यादेत आहे का हे नव्हे, तर या पेशंटला, या घडीला, हा आकडा किती असायला हवा होता? स्लिपवरची रेंज निवांत बसलेल्या, साधी हवा घेणाऱ्या निरोगी माणसाची असते. तो माणूस तुमच्या वॉर्डात कधीच नसतो.

पण त्याही आधी, सॅम्पल खरं आहे का ते बघा. तुमच्यासारख्या नर्सिंग होममध्ये मशीन नसतं. सिरिंज घेऊन वॉर्डबॉय मामा स्कूटरवरून लॅबला निघतात. संध्याकाळी सात वाजता तीन हात नाक्याचा सिग्नल आणि पुढे गोखले रोड धरला तर अर्धा तास कुठे जातो कळतही नाही. तेवढ्या वेळात रक्तातल्या पेशी ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, लॅक्टेट नावाचं आम्ल वाढवतात. प्लॅस्टिकच्या सिरिंजमधलं सॅम्पल ३० मिनिटांच्या आत मशीनला लागायला हवं. बर्फात बुडवून पाठवलं की झालं, हा समज काचेच्या सिरिंजच्या काळातला. थंड प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन आत-बाहेर होतो आणि पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) भलताच येतो. रक्ताच्या कर्करोगाचा, पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेलेला पेशंट असेल तर पाच मिनिटांचा उशीरही पीओटू पाडतो. अशा वेळी पल्स ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवा.

हेपरिनचंही (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचंही) तसंच. तयार एबीजी सिरिंज महाग पडते म्हणून बऱ्याच ठिकाणी साध्या दोन सीसीच्या सिरिंजमध्ये व्हायलमधून हेपरिन ओढतात आणि परत ढकलतात. ढकलताना कंटाळा केला आणि पाव सीसी आत राहिलं, वर रक्त जेमतेम एक सीसी आलं, तर ते पातळ होतं. पीसीओटू आणि बायकार्ब दोन्ही खोटेच खाली येतात, आयनाइज्ड कॅल्शियमही पडतं, पीएच मात्र फारसा हलत नाही. स्लिप बघून वाटतं मेटाबॉलिक अॅसिडोसिस आहे आणि पेशंट छान भरपाई करतोय. पेशंट मात्र चहा मागत असतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पीओटू हवेच्या आकड्याकडे, म्हणजे १५० कडे सरकतो आणि पीसीओटू घटतो. बुडबुडा लगेच काढा, टोपण लावा, दोन्ही तळव्यांत सिरिंज फिरवा. हलवून घुसळू नका, पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं चढतं.

रक्त धमनीचं की शिरेचं, ही शंका आली तर बोटावरचं सॅच्युरेशन आणि स्लिपवरचं सॅच्युरेशन ताडून बघा. बोटावर ९७ आणि स्लिपवर ६८ असेल तर सुई शिरेत गेली होती. मात्र ते सॅम्पल फेकू नका. शिरेच्या रक्ताचा पीएच साधारण ०.०३ ते ०.०४ ने कमी आणि पीसीओटू ४ ते ६ ने जास्त असतो, एवढाच फरक. तुमच्या बाईंसारख्या कीटोअॅसिडोसिसच्या पेशंटला दर दोन-तीन तासांनी मनगटात सुई खुपसायची गरज नाही, शिरेच्या गॅसवर काम भागतं. ऑक्सिजनचा हिशोब हवा असेल, पेशंट शॉकमध्ये असेल किंवा व्हेंटिलेटरवर असेल, तर मात्र धमनीच हवी.

आकडे एकमेकांशी जुळतात का हे बघायला एक सोपा हिशोब आहे. २४ गुणिले पीसीओटू, भागिले बायकार्ब. उत्तर येतं हायड्रोजन आयनचं प्रमाण. पीएच ७.३० ते ७.५० च्या दरम्यान असेल तर ८० मधून पीएचचे दशांशानंतरचे दोन आकडे वजा केले की जवळपास तेच यायला हवं. तुमच्या स्लिपवर २४ गुणिले ३८ भागिले २३, म्हणजे जवळजवळ ४०, आणि ८० वजा ४० म्हणजेही ४०. जुळलं. स्लिप बरोबर होती. मशीन स्वतः पीएच, पीसीओटू आणि पीओटू मोजतं, बायकार्ब गणिताने काढतं. त्यामुळे छापील स्लिपमध्ये हा घोळ कमी होतो. पण फोनवरून ऐकून केसपेपरवर उतरवलेल्या आकड्यांत हमखास होतो. रात्री दोन वाजता लॅबवाला "सेव्हन पॉइंट टू फोर" म्हणतो आणि सिस्टर ७.४२ लिहून घेतात.

आता "नॉर्मल" दिसणारे बाकीचे सापळे.

पीसीओटू ४१. दम्याची २२ वर्षांची मुलगी, श्वास मिनिटाला ३४, दोन शब्द बोलून थांबते. पीएच ७.३९. कुठेही बाण नाही. दम्याच्या झटक्यात इतका भरभर श्वास घेणाऱ्या मुलीचा पीसीओटू तिशीच्या आसपास असायला हवा. ४१ आहे म्हणजे ती थकली आहे, हवा आत-बाहेर होत नाहीये, आणि पुढच्या तासाभरात तो ५५ होईल. हा आकडा दिसला की भूलतज्ज्ञांना फोन लावायचा, नेब्युलायझरची दुसरी फेरी लावून झोपायला जायचं नाही. जाता जाता, साल्ब्युटामोलच्या नेब्युलायझेशननेच लॅक्टेट चढतं. ते ४ दिसलं म्हणून सेप्सिस (अंगभर पसरलेला संसर्ग) समजू नका.

पीसीओटू ३६. पावसाळ्यात भिवंडीहून आलेला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) तरुण, कावीळ, लघवी बंद. बायकार्ब १२, पीएच ७.१४. पीसीओटूवर बाण नाही, म्हणून सगळं लक्ष किडनीवर जातं. विंटर्सचं सूत्र लावा: बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. १८ अधिक ८, म्हणजे २६. त्याचा पीसीओटू २६ च्या आसपास हवा होता, आणि आहे ३६. म्हणजे डायलिसिसची जुळवाजुळव होईपर्यंत त्याची छाती टिकणार नाही. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होतो हे लक्षात ठेवा आणि एक्स-रे लगेच घ्या.

याच्या उलटही होतं. पीसीओटू ६२ बघून आरएमओची झोप उडते. पण पेशंट तीस वर्षं विडी ओढणारे आजोबा असतील, पीएच ७.३६ आणि बायकार्ब ३४ असेल, पेपर वाचत बसले असतील, तर तो त्यांचा रोजचा पीसीओटू आहे. कार्बन डायऑक्साइड झटक्यात चढला तर दर १० मागे बायकार्ब जेमतेम १ ने वाढतं. मूत्रपिंडाला तीन ते पाच दिवस मिळाले तर ४ च्या आसपास वाढतं. २२ जास्त आहे म्हणून ८ ते ९ ची वाढ, म्हणजे ३३. बरोबर जुळतं. त्यांना बायपॅपची (मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या यंत्राची) घाई नाही. सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवा आणि कुणी प्रेमाने ऑक्सिजन दहा लिटरवर नेऊन ठेवला असेल तर तो उतरवा. हेच आजोबा पीएच ७.२८ घेऊन आले की मग बायपॅप.

जास्त बायकार्ब म्हणजे अल्कलोसिस (रक्त अल्कधर्मी होणं), ही फसगत तर फार जुनी. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलात पोलिओची साथ होती. श्वास लुळा पडलेल्या पेशंटांच्या रक्तात बायकार्ब जास्त सापडायचं आणि डॉक्टर त्याला कारण न कळलेलं अल्कलोसिस म्हणायचे. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. पॉल आस्ट्रुप यांनी पीएच मोजला आणि तो आम्लधर्मी निघाला. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून पेशंट जगवले. आजचं आयसीयू आणि आजचं गॅस मशीन, दोन्हींची सुरुवात तिथली.

पीओटू ९५. ऐकायला झकास. मास्कवर ६० टक्के ऑक्सिजन चालू असेल तर ९५ भागिले ०.६, म्हणजे १५८. निरोगी माणसाचं हे गुणोत्तर ४०० च्या वर असतं. स्लिपवर एफआयओटू (श्वासात घेतलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) २१ छापलेलं दिसलं तर ते खरं मानू नका. मशीनला कुणी सांगितलं नाही की ते २१ च धरतं. सॅम्पल पाठवताना ऑक्सिजन किती आणि कशावर, हे सिरिंजवरच्या चिकटपट्टीवर लिहा.

साध्या हवेवर असलेल्या पेशंटला तर आणखी एक मिनिट द्या. ठाणं समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथे गणित सोपं: १५० मधून पीसीओटू भागिले ०.८ वजा करा, फुप्फुसाच्या फुग्यातला ऑक्सिजन मिळतो. (पुण्यात किंवा महाबळेश्वरात १५० ऐवजी कमी धरावा लागेल.) पायाला प्लॅस्टर घातलेली ३४ वर्षांची बाई, छातीत धडधड, श्वास जोरात, सगळे म्हणतायत टेन्शन आहे. पीएच ७.५६, पीसीओटू २४, पीओटू ७८. पीओटू "थोडासाच कमी". पण १५० वजा ३० म्हणजे १२० असायला हवा होता, धमनीत पोहोचला ७८. फरक ४२. तिच्या वयाला तो १२-१३ असतो. टेन्शनने जोरात श्वास घेणाऱ्या माणसाचा पीओटू शंभरच्या वर जातो, खाली येत नाही. ही फुप्फुसातली गुठळी समजा आणि सीटी अँजिओला पाठवा.

सॅच्युरेशन ९८. गॅस गिझरच्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेला मुलगा. बोटावरचं यंत्र कार्बन मोनॉक्साइड लागलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवालंच समजतं. साधं गॅस मशीन सॅच्युरेशन मोजत नाही, पीओटूवरून काढतं. म्हणून दोघंही ९८ म्हणतात आणि दोघंही खोटं बोलतात. को-ऑक्सिमेट्री (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी सोय) असलेलं मशीन कुठल्या हॉस्पिटलात आहे ते आधीच माहीत करून ठेवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांमुळे तर ते हवंच. अॅनिलीन किंवा नायट्रोबेन्झिन अंगावर सांडलेला कामगार येतो, बोटावर ८५ च्या आसपास आकडा अडकलेला, ऑक्सिजन वाढवला तरी हलत नाही, एबीजीत पीओटू भरपूर, आणि सिरिंजमधलं रक्त चॉकलेटी. हे मेथहिमोग्लोबिन, ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन. त्याला मिथिलीन ब्लू लागतं, व्हेंटिलेटर नाही.

अॅनायन गॅप १२. इथे अल्ब्युमिन बघा. सिरॉसिसच्या पेशंटचं अल्ब्युमिन २ असतं. ४ पेक्षा कमी असलेल्या दर एका ग्रॅममागे गॅपमध्ये अडीच मिळवायचे, म्हणजे त्याचा खरा गॅप १७. लॅक्टेट मागवा. आणि गॅप खरोखरच नॉर्मल असूनही अॅसिडोसिस असेल तर आधी जुलाब विचारा, मग किती बाटल्या नॉर्मल सलाईन गेली ते मोजा. त्यात क्लोराइड १५४ असतं, चार-पाच लिटरनंतर आपणच पेशंटला आम्लात ढकललेलं असतं.

हे सगळं रात्री तीन वाजता डोक्यात राहत नाही, मान्य. म्हणून अॅपबद्दल. वापरा, मीही गुणाकाराला वापरतो. पण बरीच अॅप फक्त पीएच, पीसीओटू आणि बायकार्ब मागतात. तुमच्या बाईंचे तीन आकडे त्यांत टाकले असतेत तर त्यांनीही "नॉर्मल" म्हटलं असतं. सोडियम, क्लोराइड, अल्ब्युमिन मागणारं अॅप ठेवा. पेशंटला उलट्या आहेत की दम लागलाय, गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे मात्र त्याला विचारता येत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागेल. स्लिप केसपेपरला पिनने टोचण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढा किंवा आकडे पेनाने उतरवा. तो थर्मल कागद असतो, सॅनिटायझरचा ओला हात लागला की काळा पडतो आणि चार महिन्यांत कोरा होतो.

नातेवाइकांना तेव्हा काय सांगायचं होतं, हेही तुम्ही विचारलंत. सांगायचं ते एवढंच: "रक्तातले दोन बिघाड एकमेकांना झाकतायत, दाखल करून दर काही तासांनी तपासावं लागेल, ही गोळी सध्या बंद." ठाण्यातल्या लोकांना एवढं सहज कळतं.